दुरुस्तीवाला आज आला नाही

४ फेब्रुवारी

बारक्या,

मायना, ख्यालीखुशाली सगळं तूच मनाने घाल, माझ्यात त्राण नाही. फोन का करत नाही असं विचारू नकोस. फोन हातात घेतला की आई "कोण आहे, कोण आहे" करत मागे लागते. दिला तर तुलाच विचारते, "आपण कोण बोलताय?" मग तुझा आवाज बसतो, तो मला इथे ऐकू येतो. त्यापेक्षा मेल बरा.

मुद्द्याचं सांगते. मागच्या आठवड्यात आई लिफ्टपाशी उभी सापडली. हातात किल्ली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, टायपिंग क्लास कितव्या मजल्यावर आहे. तिचा क्लास बंद होऊन किती काळ लोटला, पण हिच्या डोक्यात अजून मुली रांगेत बसल्यात आणि घंटा व्हायचीय. शेजारच्या काकूंनी तिला हाताला धरून आणलं. मी इस्पितळात कामाला गेले की इतके दिवस त्याच बघायच्या. आता त्या लेकीकडे चालल्यात, कायमच्या.

म्हणून मी आमच्या विभागाच्या मॅडमना विचारलं, घरून काम करू का. माझं काम तुला माहीतच आहे, एक्स-रेचे डॉक्टर बोलून ठेवतात आणि मी ऐकून अहवाल टाइप करते. ते कुठूनही होईल. मॅडम भल्या आहेत. म्हणाल्या, करून बघू. पण पेशंटचे कागद आहेत. एक अक्षर जरी इकडचं तिकडे गेलं तर घरचं काम बंद आणि परत ऑफिसच्या खुर्चीवर.

आणि मी खुर्चीवर गेले तर आई त्या संस्थेत जाणार. मी बघून आले. स्वच्छ आहे, वास येत नाही, माणसं बरी आहेत. सगळ्यांना ओळीने टीव्हीकडे तोंड करून बसवलेलं असतं. मला तिला तिथे बसवायचं नाहीये, बारक्या. आणि दुसरं काही सुचतही नाहीये.

तर आता तू सांग. ऑफिसात विंडोज. घरी तू टाकून गेलेलं ते लिनक्सचं मशीन, पेंग्विनवालं. ऑफिसच्या संगणक विभागात एक गृहस्थ आहेत, कुणालाच काही उघडू देत नाहीत म्हणून सगळे त्यांना चावीवाले म्हणतात. त्यांनी एक सूचनांचा कागद दिला आणि वर म्हणाले, "घरी विंडोज असतं तर सोपं होतं." म्हणजे खोट आपल्याच घरात. कागद सोबत जोडलाय. मला त्यातलं "कृपया" तेवढं कळलं.

ताई

६ फेब्रुवारी

ताई,

कागद वाचला. चावीवाले तिरसट असतील, पण माणूस पक्का आहे. त्यांच्याशी भांडू नकोस.

हे असं समज. तुझं ऑफिसचं मशीन ऑफिसातच राहणार, अहवालही तिथेच राहणार. घरी तुला फक्त त्याचा पडदा दिसणार. तू घरी कळ दाबलीस की अक्षर ऑफिसात उमटणार. दोन मशीनच्या भाषा वेगळ्या असल्या तरी अडत नाही. पेंग्विनवर रेमिना नावाचा प्रोग्रॅम आहे, तो दुभाष्याचं काम करतो.

मात्र ऑफिसचं मशीन थेट इंटरनेटवर उघडं ठेवायचं नाही. म्हणजे तिजोरी फुटपाथवर आणून ठेवल्यासारखं होईल. येणारा-जाणारा कडी हलवून बघतो. म्हणून आधी व्हीपीएन जोडायचं. तो ऑफिसपर्यंतचा बंद बोगदा आहे, असं समज. त्यातून गेल्यावरच ऑफिसच्या मशीनचं दार दिसतं. तिथे पासवर्ड. मग फोनवर आकडा येईल, तो टाकायचा. उठताना पडद्याला कुलूप लावायचं, अगदी पाणी प्यायला उठलीस तरी. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही. मलासुद्धा नाही. मी विचारला तरी नाही.

घरच्या मशीनवर मात्र मला यायला एक वाट ठेवतोय. तिच्या किल्लीची फाइल माझ्याकडेच असेल. तू अडलीस तर इथून येऊन नीट करीन. बाण आपोआप हलायला लागला तर घाबरू नकोस, मी असेन. ऑफिसचं काम चालू असताना मी येणार नाही, कारण तुझ्या पडद्यावर जे असेल ते मलाही दिसेल. तो नियम मलाही लागू.

यायचं म्हणशील तर रजा नाही गं. इथे मशीन-रूमला माणसं कमी, वर्षअखेरपर्यंत सुटका दिसत नाही. दुरून जे होईल ते करतो.

बारक्या

११ फेब्रुवारी

बारक्या,

तुझ्या बोगद्याने नाकीनऊ आणले. बोगदा जोडला जातो. मग रेमिना उघडतो. मग काळा पडदा. नुसता काळा, मध्ये बाण. मी त्या बाणाकडे बघत बसते आणि आई माझ्याकडे.

पासवर्ड घालायला गेले तर चूक. परत घातला, चूक. तिसऱ्यांदा घातल्यावर खातं बंद. चावीवाल्यांना फोन केला तर म्हणाले, "बाई, पासवर्ड आठवत नसेल तर कामच कशाला?" मला आठवत होता रे. मी काय आई आहे?

हे लिहिलं आणि वाईट वाटलं. राहू दे, खोडत नाही.

आई मागे उभी राहून बघत असते. परवा माझ्या मनगटावर पट्टीने हलकेच मारलं. "मनगट टेकवू नका. पाठ सरळ." मी तिच्याच क्लासात शिकले, तेव्हाही अशीच मारायची. माझं नाव तिला आठवत नाही, पण मनगट टेकलेलं बरोबर दिसतं.

मॅडमनी या महिन्यापुरता धीर धरलाय. काकूंचं सामान बांधून झालंय. माझा जीव टांगणीला आहे, तेवढं लक्षात घे.

ताई

१२ फेब्रुवारी

ताई,

पासवर्ड तुझा बरोबरच होता. ऑफिसच्या मशीनचा कीबोर्ड एका पद्धतीचा आणि पेंग्विनचा दुसऱ्या. तू घरी जे चिन्ह दाबत होतीस त्याच्या जागी ऑफिसात भलतंच उमटत होतं, आणि पासवर्ड लिहिताना ठिपकेच दिसतात, त्यामुळे कळायला मार्ग नाही. काळ्या पडद्याचं कारण, तू ऑफिसातून निघताना मशीन नुसतं मिटून येतेस, लॉग आउट करत नाहीस. चावीवाल्यांना सांग, ते सोडवतील.

उद्या दुपारी मी वाटेने येतो आणि कीबोर्ड नीट लावतो. तू बसायची गरज नाही. जरा आडवी हो.

बारक्या

२ मार्च

बारक्या,

चाललंय. तू कीबोर्ड लावून दिलास त्यानंतर एकदाही अडलं नाही. आता मी खिडकीपाशी बसून अहवाल टाइप करते आणि आई दिसेल अशी खुर्ची वळवून ठेवली आहे. मॅडम म्हणाल्या, ऑफिसात बसून करत होतात त्यापेक्षा काम जास्त होतंय. चावीवालेसुद्धा म्हणाले, "बरं लावलंय." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

आणखी एक झालंय. दुपारी ऑफिसचं काम बंद करून मी पडते, तेव्हा आईला मशीनवर कोरं पान उघडून देते. ती टाइप करत बसते. बोटं काय चालतात तिची, बघत राहावं. मध्येच थांबते, पडद्याकडे बघून हसते, मान डोलावते, पुन्हा टकटक सुरू. स्वतःशीच बोलते म्हणून आधी मला कसंतरी झालं. पण त्या वेळात ती दाराकडे जात नाही, किल्ली शोधत नाही. उठल्यावर चेहरा शांत असतो. काय लिहिते ते मी बघायला जात नाही. पान मिटूनच ठेवते ती, शिस्तीत.

ते सोडलं तर सगळं आहे तसंच. रात्री ती उठते म्हणून मी उठते. काल गॅसपाशी उभ्या उभ्या डुलकी लागली. दूध उतू गेलं, दुसरं काही नाही.

दोन दिवस येऊन जा ना. तिला बघायला नको येऊस, मला झोपायला मिळावं म्हणून ये.

ताई

५ मार्च

ताई,

तू म्हणतेस ते पटतं, पण इथे बदली माणूस मिळत नाही. बघतो. पुढच्या महिन्यात काही जमलं तर.

आईला दुपारी बरं वाटतंय हे वाचून फार बरं वाटलं. ते पान तिला देत जा. खंड पाडू नकोस.

मशीनकडे मी अधूनमधून बघून जातो, अपडेट वगैरे. तू काळजी करू नकोस. आणि ते कुलूप, ताई. उठलीस की पडद्याला कुलूप. मला ठाऊक आहे, आपल्या घरात माणूस आत असताना दाराला कडी लावायची पद्धतच नाही. बाबा गेले तेव्हाही आपलं दार उघडंच होतं. पण या दाराला लाव.

बारक्या

१९ मार्च

बारक्या,

संपलं बहुतेक. नीट लिहिते, नाहीतर परत लिहावं लागेल.

परवा दुपारी पडून उठल्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थांचा छातीचा अहवाल टाइप करून झाला होता, पाठवायचं बटण तेवढं राहिलं होतं. दार वाजलं. औषधवाला होता. सुटे पैसे नाहीत, पिशवी फाटलेली, त्यात वेळ गेला. पडद्याला कुलूप लावलं नाही. तू कितीदा सांगितलंस, तरी नाही लावलं. मशीन काही वेळाने आपलं आपण कुलूप लावतं, पण कुणी हात लावला नाही तर लावतं ना. परत आले तेव्हा आई बाजूला उभी होती. माझे डोळे मिटत होते. मी पडद्याकडे न बघता बटण दाबलं.

आज त्या गृहस्थांची सून अहवाल घेऊन मॅडमपुढे उभी राहिली. म्हणाली, "हे खालचं कुणासाठी आहे? आम्हाला भीती वाटली." मॅडमनी मला बोलावून घेतलं. आईला घेऊनच गेले, ठेवणार कुठे. वर लिहिलं होतं, फुप्फुसं स्वच्छ, हृदयाचा आकार प्रमाणात. मग दोन ओळी मोकळ्या सोडून, समास राखून, एकही चूक नाही:

"अहो दुरुस्तीवाले, तुम्ही आज आला नाहीत. खुर्ची ठेवली होती. तब्येत बरी आहे ना? तुमचं सगळीकडे जाणं असतं, तर आमचा बारक्या कधी येणार तेवढं बघून सांगा. त्याला म्हणावं दार उघडंच आहे."

मॅडमनी कागद पुन्हा वाचला आणि चावीवाल्यांना बोलावून त्यांच्या हातात दिला. त्यांचा एकच प्रश्न, "कोण दुरुस्तीवाला? तुमच्या घरच्या मशीनवर कोण येतं?" मी म्हटलं, कुणी नाही, आईच्या मनाचे खेळ आहेत. ते म्हणाले, 'आज आला नाहीत' म्हणजे एरवी कुणीतरी येतं, उद्या मशीन घेऊन या, तपासतो.

तू येतोस ना अधूनमधून? तुला काही दिसलं का? कुणी शिरलंय का आपल्या घरात?

ताई

१९ मार्च, संध्याकाळ

ताई,

कुणी परकं शिरलेलं नाही. दुरुस्तीवाला मीच.

तेरा फेब्रुवारीला कीबोर्ड लावायला आलो तेव्हा तू पडली होतीस. बाण हलताना आईने पाहिला असणार. कीबोर्ड तपासायला मी उघडलेल्या पानावर अक्षरं आली, "कोण आहे?" मी लिहिलं, "बारक्या." तिने लिहिलं, "चेष्टा करू नका. बारक्या शाळेत गेलाय." मग लिहिलं, "दुरुस्तीवाला." ती म्हणाली, "मग बसा."

त्यानंतर रोज दुपारी यायला लागलो. तुझं ऑफिस बंद असताना, तेवढा नियम पाळला. ती माझ्या चुका काढायची, स्वल्पविरामानंतर जागा सोडत नाही म्हणून. आणि माझ्याबद्दल सांगायची, ताई. बारक्या डबा तसाच परत आणतो. बारक्याला अंधाराची भीती वाटते पण कबूल करत नाही. मला फोनवर ती ओळखत नाही, आणि तिथे अख्खा मीच तिला पाठ होता. रोज मी निघालो की ती पान मिटायची, दुसऱ्या दिवशी नवं.

तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग ये की. रजा नाही हे खोटं आहे. रजा पडून आहे. समोर उभं राहिल्यावर ती "आपण कोण?" म्हणेल, ते ऐकायची हिंमत नव्हती. पडद्यामागून सोसत होतं.

परवा आलो नाही त्याचंही सांगतो. आदल्या दिवशी तिने विचारलं, "तुम्हाला आई आहे का? मग तिच्याकडे जाता की नाही?" मी तसाच निघून गेलो, दुसऱ्या दिवशी फिरकलो नाही. म्हणून तिने मिळेल त्या पानावर मला लिहिलं.

तुला दहा दारं लावायला सांगितली आणि माझं उघडं ठेवलं, हे चावीवाल्यांना जसंच्या तसं सांग. मीही त्यांना मेल केला आहे. आजच माझी वाट बंद केली, किल्लीची फाइल पुसून टाकली. पेशंटचा एकही कागद पाहिलेला नाही, पण त्यांनी विश्वास ठेवावाच असं मी म्हणणार नाही. मी त्यांच्या जागी असतो तर नसता ठेवला.

बारक्या

२३ मार्च

बारक्या,

रागवायला हवं. दोन दिवस प्रयत्न केला, जमत नाही, दमलेय. कधीतरी नीट झोप झाली की भांडू.

मी इथे मान वर करायला फुरसत नाही म्हणून रडत होते आणि तू रोज दुपारी आपल्याच घरात बसून होतास. भिंतीपलीकडे मी झोपलेली. हे कसं पचवायचं ते मला माहीत नाही.

मॅडमनी निकाल दिला. चावीवाल्यांनी मशीन उलटंपालटं करून पाहिलं आणि सांगितलं की बाहेरचं कुणी नाही, भाऊच होता, खरं बोलतोय. त्यामुळे नोकरी राहिली. घरून काम मात्र बंद. एकतीस तारखेपासून खुर्चीवर. जाताना चावीवाले म्हणाले, "तुमच्या आईंचं टायपिंग उत्तम आहे." आणि मान खाली घालून निघून गेले.

संस्थेतल्या बाईंचा फोन आला, जागा झालीय, हवी का. मी म्हटलं दोन दिवसांनी सांगते. आता तू सांग, काय सांगू.

येणार असशील तर हे वाच. तू मला एवढं शिकवलंस, आता माझं ऐक. ती उठल्याबरोबर प्रश्न विचारायचे नाहीत, खिडकी उघडायची आणि तिने बोलेपर्यंत गप्प बसायचं. गोळ्या हातात दे, बशीत ठेवल्यास तर ती मुलींसाठी जपून ठेवते. आंघोळीला नाही म्हणाली तर वाद घालू नकोस, "क्लासची वेळ झाली" म्हण, मग आपणहून जाते. किल्ली तिच्याच हातात राहू दे, कुलूप मी बदललंय. ती रडली तर कारण शोधत बसू नकोस, नुसता जवळ बस. आणि "आई, मी कोण?" असं कधी म्हणजे कधी विचारू नकोस. ती बरोबर उत्तर शोधायला लागते, सापडत नाही, आणि दिवसभर अपराध्यासारखी वावरते. मी तो धडा घेतलाय, तू घेऊ नकोस.

दार वाजवलंस की ती आतून "कोण?" म्हणेल. बारक्या म्हणू नकोस. काय म्हणायचं ते तुला माहीत आहे.

ताई

२४ मार्च

ताई,

संस्थेला नाही सांग. तीसला पोचतो. परतीचं तिकीट काढलेलं नाही. इथल्या साहेबांना म्हटलं, मशीन-रूम मी दुरून बघेन, नाही तर दुसरा माणूस बघा. ते विचार करतायत. करू देत.

बारक्या

३१ मार्च

ताई,

तू ऑफिसात पोचली असशील म्हणून लिहितो. काळजी करू नकोस, सगळं ठीक आहे. गोळ्या हातात दिल्या. आंघोळ झाली.

काल तू होतीस म्हणून ती माझ्याशी पाहुण्यासारखं वागत होती. आज तू गेल्यावर बराच वेळ दाराकडे बघत राहिली. मी जिन्यात गेलो, दार ओढून घेतलं आणि वाजवलं. आतून "कोण?" आलं. मी म्हटलं, "दुरुस्तीवाला." दार लगेच उघडलं. म्हणाली, "किती दिवसांनी. मी म्हटलं आजारी पडलात की काय."

मला मशीनपाशी नेलं, स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसली. माझा हात टेबलावर होता, तिने मनगट उचलून सरळ केलं आणि हात तसाच धरून ठेवला. आता मी एका हाताने टाइप करतोय, म्हणून चुका होतील.

विचारत होती, बिघाड मोठा आहे का. मी म्हटलं, वेळ लागेल. म्हणाली, "लागू दे. संध्याकाळी बारक्या येईल, त्याला भेटूनच जा. त्याला तुम्ही आवडाल."

थांबतो म्हटलंय. तू सावकाश ये.

बारक्या